अश्वारूढ पुतळा आणि बुडालेली मावळे

(भोर व वेल्हे तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



एखादा कलावंत परदेशी गेला की गावाला त्याचे कौतुक वाटते. वर्तमानपत्रात छायाचित्र येते, परतल्यावर सत्कार होतो, हारतुरे पडतात. पण तो तिथे कशासाठी गेला, काय शिकला, आणि परत आल्यावर त्याच्या हातून जे उभे राहिले ते कुणाच्या सांगण्यावरून व कुणासाठी उभे राहिले, हे प्रश्न सत्काराच्या सभेत सहसा कुणी विचारीत नाही. घरातल्या भिंतीवर टांगलेल्या चित्राविषयी ते विचारले नाहीत तरी चालते. चौकात उभ्या राहणाऱ्या शिल्पाचे तसे नाही. ते सार्वजनिक जागेवर व बहुधा सार्वजनिक पैशातून उभे राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते पाहावेच लागते. कोणाला स्मरायचे आणि कोणाला विसरायचे, याचा निर्णय त्यात समाजाच्या वतीने कुणीतरी घेतलेला असतो. म्हणूनच सार्वजनिक कला हा केवळ रसिकांचा विषय नाही. तो राजकीय कार्यकर्त्याचाही विषय आहे.

या दृष्टीने महाराष्ट्रातील एका थोर शिल्पकाराच्या परदेशगमनाची हकिगत भोर आणि वेल्हे तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखी आहे. विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळच्या सासवणे या गावी झाला. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पाहिले आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे काही वर्षे करमरकरांनी कलकत्त्यात काम केले आणि १९२० साली ते लंडनला रॉयल अकॅडमीत शिकण्यासाठी गेले. तिथे त्यांनी मानवी देहाच्या घडणीचा, मोठ्या आकाराच्या शिल्परचनेचा आणि ब्राँझच्या ओतकामाचा पाश्चात्त्य शास्त्रानुसार अभ्यास केला. परतल्यावर पाचसहा वर्षांतच त्यांच्या हातून पुण्याच्या भांबुर्ड्यातला, आजच्या शिवाजीनगरमधला, छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडला. १९२८ साली त्याचे अनावरण झाले. भारतीय कलावंताने भारतातच एकसंध ओतवून घेतलेला एवढा भव्य पुतळा ही त्या काळातली अपूर्व घटना होती. गोऱ्या कारागिरांवाचून असे काम होणे नाही, हा समज त्या पुतळ्याने खोटा ठरवला. ते श्रेय करमरकरांचे आहे, आणि ते कुणीही नाकारू नये.

परंतु त्याच वर्षांत या डोंगरांमध्ये काय घडत होते, तेही पाहिले पाहिजे. करमरकर लंडनमध्ये असताना, एप्रिल १९२१ मध्ये, मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. वाडवडिलांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती आणि त्यातून निर्माण होणारी वीज मुंबईच्या कारखान्यांकडे जाणार होती. सेनापती बापट या लढ्यातूनच सेनापती म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसली. ती बसवली इंग्लंडच्या युवराजाने. राष्ट्रसभेने त्याच्या दौऱ्यावर बहिष्कार पुकारला होता आणि मुंबईत दंगली पेटल्या होत्या. स्वराज्याच्या संस्थापकाच्या स्मारकाचा पाया परक्या साम्राज्याच्या वारसाने घालावा, आणि तिथून काही कोसांवर त्या संस्थापकाच्या मावळ्यांचे वंशज आपल्या जमिनीसाठी तुरुंगात जावेत, अशी ही परिस्थिती होती. मुळशीचा सत्याग्रह हरला. धरण झाले.

आणि १९२८ साली, पुण्यात पुतळ्याचे अनावरण झाले त्याच वर्षी, भोर संस्थानच्या मुलखात वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण पुरे झाले. तिथे आधीचे एक लहान धरण होतेच. नव्या धरणाला मुंबईच्या माजी गव्हर्नरावरून लॉइड धरण असे नाव पडले. जगातल्या मोठ्या दगडी धरणांत त्याची गणना होत असे. त्या पाण्यावर नीरेचे डावे आणि उजवे कालवे वाहू लागले. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडची कोरडी जमीन ऊसमळ्यांनी हिरवी झाली, पुढे तिथे साखर कारखाने उभे राहिले. वेळवंड खोऱ्यातल्या माणसाने मात्र नदीकाठची चांगली जमीन सोडली आणि तो डोंगराच्या उतारावर सरकला. उरलेल्या वरकस जमिनीत नाचणी-वरई पिकवायची, पावसाळा संपला की पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट धरायची, हा त्याच्या पुढच्या पिढ्यांचा जीवनक्रम ठरला. पुण्याच्या पुतळ्याचा घोडा एक पाऊल उचलून आजही उभा आहे. पण त्या घोड्याच्या मागे धावणारा मावळा त्या शिल्पात नाही. तो भाटघरच्या पाणलोटात आपली खाचरे शोधत होता.

याचा दोष करमरकरांकडे जातो का? मुळीच नाही. हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तो नीट ध्यानात यावा म्हणून त्याच काळातल्या दुसऱ्या एका कलावंताची तुलना उपयोगी पडेल.

मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा अनेक वर्षे पॅरिसमध्ये होता. १९२० च्या सुमारास, म्हणजे करमरकर लंडनला गेले त्याच वेळी, तो इटलीत फिरला. तिथल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर ओल्या गिलाव्यात रंगवलेली चित्रे त्याने अभ्यासली, आणि १९२१ साली तो मायदेशी परतला. मेक्सिकोत क्रांती होऊन गेली होती. नव्या सरकारच्या शिक्षणमंत्र्याने, होसे वास्कोन्सेलोस याने, सरकारी इमारतींच्या भिंती कलावंतांना खुल्या केल्या. रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या अंगणाभोवतीच्या भिंती १९२३ ते १९२८ या काळात रंगवल्या. त्या भिंतींवर खाणीतून बाहेर पडणारा व झडती दिली जाणारा मजूर आला, विणकर आले, रंगारी आले, शेतकरी आला, खेड्यातली मास्तरीण आली. पाश्चात्त्य देवळांतून शिकलेले तंत्र मेक्सिकोच्या कष्टकऱ्याच्या सेवेला लागले.

दोघेही एकाच सुमारास युरोपात शिकले, दोघांचीही मोठी कामे १९२८ साली पूर्णत्वाला गेली. एकाच्या हातून राजाचा पुतळा घडला आणि दुसऱ्याच्या हातून मजुरांच्या भिंती. हा फरक दोघांच्या मनाच्या मोठेपणातला नव्हे. तो काम सांगणाऱ्यांमधला फरक आहे. पुण्यातले काम सांगणारे संस्थानिक होते आणि त्यावर कृपाछत्र परक्या सरकारचे होते. राजर्षी शाहू महाराजांनी या स्मारकाचा ध्यास घेतला, त्यामागे बहुजनांच्या अस्मितेची खरी कळकळ होती. त्यांच्या निधनानंतर राजाराम महाराजांनी ते काम तडीला नेले. परंतु अश्वारूढ पुतळा हा आकारच मुळात राज्यकर्त्यांचा आहे. रोमच्या मार्कस ऑरेलियसपासून तो चालत आला. मुंबईत सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, ‘काळा घोडा’ त्याच आकाराने उभा होता. त्याच आकारात आपला राजा बसवून पराभूत समाजाने आपला स्वाभिमान व्यक्त केला, हे त्या काळाला धरून झाले. मेक्सिकोत काम सांगणारी क्रांती होती, म्हणून तिथे भिंतीवर मजूर आला.

करमरकरांच्या मनात सामान्य माणूस नव्हता असे कुणी म्हणेल, तर त्याने सासवण्याला जावे. तिथे त्यांच्या घरातच त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. कोळीण आहे, शंख फुंकणारा आहे, गावाकडची माणसे आहेत, इतकेच काय, एक म्हैसही आहे. कुणाच्याही मागणीवाचून, स्वतःच्या आनंदासाठी त्यांनी जे घडवले, त्यात हे सारे लोक दाटीने आले आहेत. कलावंताच्या हातात सामान्य माणूस होता. त्याच्यासाठी चौक कुणी दिला नाही. चौक संस्थानिकांनी दिला तो राजासाठी. तात्पर्य, तंत्र परदेशातून आणता येते, आणले पाहिजे; पण विषय कोणता, हे जो काम सांगतो तो ठरवतो. सार्वजनिक कलेत कष्टकऱ्याला स्थान हवे असेल, तर कष्टकऱ्याने स्वतः काम सांगणारा झाले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर तरी हे घडले का? धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणाजवळ त्यांनी पंचेचाळीस फूट उंचीचे शिल्प घडवले. चंबळ नदी ही माता आणि मध्यप्रदेश व राजस्थान ही तिची दोन मुले, अशी ती कल्पना. ते पाहून पंडित नेहरूंनी भाक्रा धरण बांधणाऱ्या मजुरांचे पन्नास फुटी ब्राँझ स्मारक करण्याचे काम सुतारांकडे सोपवण्याचे मनावर घेतले. धरणांना आधुनिक तीर्थक्षेत्रे मानणाऱ्या त्या पंतप्रधानाला तीर्थक्षेत्र बांधणारे हात आठवले, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीची साक्ष देते. पण ते स्मारक झाले नाही. पैसा नव्हता. पुढे त्याच सुतारांच्या रचनेवरून नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराजवळ, १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला. २०१८ साली त्याचे लोकार्पण झाले. सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे ते कंत्राट होते, आणि पुतळ्यावर चढवलेले ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतवून आणावे लागले. करमरकरांनी १९२८ साली जे ओतकाम देशात करून दाखवले, त्याच्या विस्तारासाठी नव्वद वर्षांनी परदेशात जावे लागले, हे आपल्या कारागिरीच्या संगोपनाविषयी काय सांगते, याचा विचार व्हावा. त्याहून मोठा प्रश्न असा, की धरणाच्या मजुरासाठी पन्नास फुटांचे ब्राँझ या देशाला परवडले नाही, आणि पुढे धरणाशेजारीच १८२ मीटरचे परवडले. सरदार पटेलांविषयी अनादर नसतानाही हा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारलाच पाहिजे.

महाराष्ट्रातही हाच क्रम दिसतो. मुंबईजवळ अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचे जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले, पण ते स्मारक उभे राहिले नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही तो टिकला नाही. मराठी माणसाच्या मनाला त्या दिवशी झालेली वेदना खरी होती. पण वेदनेबरोबर बोधही घ्यायला हवा. दिवस आधी ठरतो, मंडप आधी पडतो आणि शिल्प त्या दिवसाच्या मागे धावत घडवले जाते. मातीचा नमुना, त्यावर जाणकारांचे आक्षेप, दुरुस्त्या, कला संचालनालयाची मंजुरी, ओतकाम, आतला सांगाडा, पायाचे गणित, समुद्राच्या वाऱ्याचा आणि खाऱ्या हवेचा विचार, या सर्वांना वेळ लागतो. तो वेळ समारंभाला नको असतो. ज्या राजाने गडकोटांच्या दगडादगडाची काळजी वाहिली, त्याच्या नावाने घाईचे काम करणे हाच त्याचा खरा अवमान होय.

आता भोर आणि वेल्ह्याकडे वळू. हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, कानद खोरे, मोसे खोरे ही नावे शिवचरित्राच्या पहिल्याच प्रकरणात येतात. राजगड आणि तोरणा याच मुलखात आहेत. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नावही देण्यात आले आहे. इथल्या नद्यांवर आज किती धरणे आहेत ते मोजावे. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा देवघर, वेल्ह्यात गुंजवणी, आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव. या पाण्यावर पुणे शहर तहान भागवते आणि पूर्वेकडचे तालुके ऊस पिकवतात. ज्यांच्या उंबऱ्याशी पाणी अडले, त्यांच्यातल्या कितीतरी वाड्यांवर चैत्र-वैशाखात बाईला हंडा घेऊन उतरण उतरावी लागते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण अशाच मुलखातून उगवते.

आणि या धरणांच्या जलाशयांना कुणाची नावे आहेत? भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचे, पानशेतच्या जलाशयाला तानाजीचे, वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे. स्मारकाचा हाही एक प्रकार आहे, आणि त्यात अनवधानाने एक भीषण सत्य उतरले आहे. येसाजी कंक वेळवंड खोऱ्यातल्या भुतोंड्याचे. त्यांच्या खोऱ्यात पाणी भरले आणि पाण्याला त्यांचे नाव दिले. बाजी पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख. मोसे खोरे बुडाले आणि बुडवणाऱ्या पाण्याला त्यांचे नाव दिले. मावळ्याचे नाव राहिले, मावळ राहिले नाही. नाव देऊन ऋण फिटते अशी सरकारची समजूत असेल, तर ती दूर केली पाहिजे.

पानशेतविषयी पुण्यात बोलणे निघाले की १२ जुलै १९६१ हा दिवस आठवतो. धरण फुटले, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. ती आठवण योग्यच आहे. पुण्याने फार सोसले. पण पानशेत फुटण्यापूर्वी पानशेत बांधले गेले होते, आणि ते बांधताना जी गावे उठली त्यांची आठवण पुण्यात कुणी काढीत नाही. शहराच्या दुःखाला तारीख असते, डोंगरातल्या दुःखाला तारीखही नसते. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला तोच १९७६ साली. त्यापूर्वी उठलेल्यांना जे मिळाले ते सरकारच्या मर्जीने मिळाले. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही साधी न्यायाची मागणी मांडण्यासाठी बाबा आढावांसारख्यांना धरणग्रस्तांच्या परिषदा भरवाव्या लागल्या, मोर्चे काढावे लागले.

अशा मुलखात सार्वजनिक शिल्पाची योजना करायची म्हटली की कुणीही प्रामाणिक कार्यकर्ता पहिला आक्षेप घेईल तो असा: आधी पाणी द्या, मग पुतळे करा. या आक्षेपाला वरवरचे उत्तर देऊन चालणार नाही. जिथे नळाला पाणी नाही तिथे चौथऱ्यावर कारंजे उडवणे ही क्रूर थट्टाच होईल. स्मारक हे हक्काच्या बदल्यात दिलेली चिरीमिरी ठरत असेल, तर ते नाकारणेच योग्य. परंतु आठवण आणि हक्क यांचे नाते याहून खोल आहे. ज्याचे सोसणे नोंदले जात नाही, त्याची मागणीही नोंदली जात नाही. कालव्यावरच्या तालुक्यांतल्या मुलाला शाळेत शिकवले जाते की पाणी धरणातून येते. धरणात ते कुणाच्या शेतावरून येते, हे शिकवले जात नाही. धरणाच्या दारात कोनशिला असते. तिच्यावर उद्घाटकाचे नाव असते, खात्याचे नाव असते. उठलेल्या गावांची यादी नसते, दगड फोडताना व वाहताना मेलेल्या मजुराचे नाव नसते. ती यादी दगडात कोरून दारात लावा, ही मागणी पाण्याच्या मागणीआड येत नाही. उलट पाणीवाटपाच्या प्रत्येक बैठकीला येणाऱ्या अधिकाऱ्याला आत शिरताना ती यादी वाचावी लागेल.

यासाठी परदेशातून शिकण्यासारखे काही आहे काय? निश्चित आहे. रिव्हेराने १९५१ साली मेक्सिको शहराला लेर्मा नदीचे पाणी आणणाऱ्या योजनेच्या जलगृहात भिंती रंगवल्या. बोगद्यातून पाणी जिथे शहरात प्रथम प्रवेश करते, तिथेच हे काम केले. त्यात अभियंते आहेत, पण बोगदा खणणारे मजूरही तितक्याच मानाने आहेत, आणि पाणी प्यायला हात पसरलेली तहानलेली माणसेही आहेत. या कामात एक चूकही झाली. चित्रांचा काही भाग वाहत्या पाण्याखाली राहील अशी योजना होती. पाण्याने रंग खराब केले, आणि अनेक वर्षांनंतर पाणी दुसरीकडे वळवून चित्रांची दुरुस्ती करावी लागली. कल्पना कितीही उदात्त असली तरी सामग्रीचे शास्त्र चुकले की काळ क्षमा करीत नाही, हाही धडा त्यातच आहे. रिव्हेराच्या दुसऱ्या एका परदेशवारीचा धडा आणखी कडवट आहे. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलरांच्या इमारतीत १९३३ साली तो भिंत रंगवीत असताना त्याने त्यात लेनिनचा चेहरा काढला. मालकाने काम थांबवले आणि १९३४ च्या फेब्रुवारीत ती भिंत फोडून टाकली. भिंत ज्याची, शेवटचा शब्द त्याचा. म्हणून भिंत कुणाची हे आधी ठरवावे लागते.

आपल्या देशातही दाखला आहे. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरींचे ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प १९५९ सालापासून उभे आहे. चार मजूर एक प्रचंड शिळा हलवताहेत. त्यांना नावे नाहीत, घोडे नाहीत, तलवारी नाहीत. पण तिथून जाणाऱ्या कष्टकऱ्याला आपले अंग त्या दगडाला लागलेले दिसते.

यावरून भोर आणि वेल्ह्यात काय करता येईल, याचा आराखडा स्थूलमानाने मांडता येईल. एक, जागा. राजगड-तोरण्याच्या माथ्यावर नवे काही उभारू नये. ते गड हीच मोठी शिल्पे आहेत आणि त्यांचे जतन हेच त्यांचे स्मारक. जागा हव्यात त्या रोजच्या वाटेवरच्या: भाटघरच्या पायथ्याशी, पानशेतच्या रस्त्यावर, भोरच्या एसटी स्थानकात, वेल्ह्याच्या बाजारात, शाळांच्या भिंतींवर. दोन, निर्णय. काम ग्रामसभेच्या ठरावाने सुरू व्हावे. कलावंताने मातीचा नमुना आठवड्याच्या बाजारात ठेवावा आणि लोकांची टीका ऐकावी. पायथ्याशी नांगरणारा शेतकरी जर म्हणाला की नांगर असा धरीत नाहीत, तर हात बदलावा. तीन, मजकूर. उठलेल्या प्रत्येक गावाचे आणि वाडीचे नाव कोरावे, आणि ते म्हाताऱ्या माणसांना विचारून कोरावे. खात्याच्या कागदात गावठाण सापडते, वाडीचे नाव सापडेलच असे नाही. चार, कारागीर. पाथरवट, गवंडी, लोहार इथलेच असावेत, आणि शिल्पकाराने त्यांना शिकवीत काम करावे, म्हणजे काम संपल्यावर कौशल्य गावात राहील. पाच, पैसा. मोठे कंत्राट नको. थोडा पैसा, सार्वजनिक हिशेब आणि भरपूर वेळ.

या आराखड्यातल्या मजकुराचा एक मोठा साठा आधीच तयार आहे. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुण्याला आपले मानलेले गी प्वातवां आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या भागांत गरीब डोंगरी संघटनेच्या कामाबरोबर बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. दळताना बाईने सांगितलेले माहेर, सासर, दुष्काळ, नवऱ्याचे मुंबईला जाणे, सीतेचे दुःख, बाबासाहेबांची आठवण, हे सारे त्यात आहे. इथे परदेशी माणूस आला तो आपले काही दाखवण्यासाठी आला नाही. तो ऐकण्यासाठी बसला. कलावंताच्या परदेशवारीला जो खरा अर्थ असू शकतो, तो असा आहे. धरणाच्या भिंतीलगत त्या खोऱ्यातल्या बाईची ओवी तिच्याच बोलीत कोरली गेली, तर ते शिल्प कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.

कुणी म्हणेल, हे सारे स्थानिक, संकुचित झाले. कलेने विश्वाकडे पाहावे. वस्तुतः विश्व असेच भेटते. रिव्हेराच्या भिंती जगभरातून लोक पाहायला जातात ते त्यावर मेक्सिकोचा शेतकरी आहे म्हणून. इथला एखादा तरुण उद्या शिल्पकला शिकायला लंडनला, टोकियोला किंवा मेक्सिकोला गेला, तर कार्यकर्त्यांनी त्याचा सत्कार जरूर करावा. परंतु हार घालताना त्याच्या हातात गावाची मागणीही द्यावी: तिथले ओतकाम, तिथली भिंतीवरची रंगविद्या, तिथला दगड जोडण्याचा प्रकार शिकून ये, इथे तुझ्यासाठी काम काढून ठेवले आहे. करमरकरांना हे सांगणारा गाव त्या वेळी नव्हता. त्यांना सांगणारे राजवाडे होते. आज राजवाडे गेले; ८ मार्च १९४८ ला भोर संस्थानही विलीन झाले. आता सांगण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. तो तिने वापरला नाही, तर कंत्राटदार आणि समारंभवाले तो वापरतीलच.

भाटघरच्या पाण्यात कांबरे गावचे कांबरेश्वराचे जुने देऊळ आहे. वर्षातले बहुतेक महिने ते बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते, आणि लोक चिखलातून चालत दर्शनाला जातात. त्या देवळाला रंग दिलेला नाही, दिवे लावलेले नाहीत, अनावरण झालेले नाही. पण बुडालेल्या खोऱ्याची आठवण त्याच्याइतकी स्पष्टपणे सांगणारे दुसरे काही या तालुक्यांत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा कार्यकर्त्यांनी वही घेऊन त्या काठावर जावे आणि दर्शनाला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या बुडालेल्या वाडीचे नाव विचारून लिहून घ्यावे. शिल्पाचे काम तिथून सुरू होते.